एका अर्जाची एकच नोंद

पलूस हा सांगली जिल्ह्यातील एक लहानसा तालुका. परंतु ज्या नानाविध नोंदींच्या आधारावर आजचा ग्रामीण व्यवहार उभा आहे, त्या जवळजवळ सर्व नोंदी या एका तालुक्याच्या हद्दीत पाहावयास मिळतात. कुंडलच्या साखर कारखान्यावर उसाची प्रत्येक खेप काट्यावर चढते आणि तिची वजनपावती निघते. भिलवडीच्या परिसरात, जेथे १९३९ साली चितळ्यांची डेअरी उभी राहिली, तेथे गावोगावी सकाळ-संध्याकाळ दुधाचे माप आणि फॅट उत्पादकाच्या नावापुढे चढते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या उजाड माळावर वसविलेल्या किर्लोस्करवाडीत कामगाराच्या हजेरीपासून पंपाच्या सुट्या भागापर्यंत प्रत्येक वस्तूचा हिशेब आहे. आणि पलूसच्या तहसील कचेरीत सातबारा, आठ-अ, फेरफार व दाखले यांचे दप्तर अखंड चालू आहे. या साऱ्या नोंदींचे मोल एकाच गोष्टीवर अवलंबून असते: जे एकदा घडले ते एकदाच लिहिले गेले पाहिजे. जे घडले ते लिहिलेच गेले नाही तर अन्याय होतो हे सर्वांना कळते; परंतु जे एकदा घडले ते दोनदा लिहिले गेले तरीही तितकाच अन्याय होतो, आणि तो उशिरा उघडकीस येत असल्यामुळे निस्तरण्यास अधिक कठीण जातो, याची जाणीव मात्र फारच थोड्यांना असते.

आपल्याकडील कचेऱ्यांनी या दुहेरी नोंदीवर फार पूर्वी एक उपाय योजिला होता, आणि तो इतका साधा होता की तो उपाय आहे हेच कोणाच्या लक्षात येत नसे. अर्जदार आपल्या अर्जाच्या दोन प्रती घेऊन येई. बारनिशीचा कारकून मूळ प्रत ठेवून घेई, बारनिशीत तिचा आवक क्रमांक मांडी, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व तोच क्रमांक घालून ती अर्जदाराच्या हाती परत देई. या क्षणी एक महत्त्वाचा पालट घडून येई. अर्जदार आत आला तेव्हा त्याच्या हाती अर्ज होता. बाहेर पडला तेव्हा त्याच्या हाती पोच होती. आठ दिवसांनी तो चौकशीस आला म्हणजे तो पोच पुढे करी, आणि कारकून बारनिशीतील जुनी ओळ काढून दाखवी. नवी ओळ लिहिण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. या शिरस्त्याला कायद्याचेही पाठबळ आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४९ प्रमाणे जमिनीत हक्क प्राप्त झालेल्या माणसाने तलाठ्याला तशी वर्दी द्यावयाची असते, आणि ती मिळताच तलाठ्याने तत्काळ तिची लेखी पोच द्यावी असे ते कलम सांगते. ‘तत्काळ’ ही अट कायदा करणाऱ्यांनी उगाच घातलेली नाही. पोच मिळण्यास विलंब झाला की अर्जदाराच्या मनात शंका उत्पन्न होते, आणि शंका आली की तो दुसरा अर्ज करतो.

संगणकाच्या पडद्यावरून अर्ज करण्याची वहिवाट पडल्यावर नेमकी हीच गोष्ट हरवली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि तलाठ्याने आपल्या वहीत करावयाची पिकाची नोंद शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून करू लागला. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीकविम्याची योजना आली तेव्हा राज्यभरातून दीड कोटीहून अधिक अर्ज संगणकावरून दाखल झाले, आणि ३१ जुलै ही मूळची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. ती योजना पुढे बदलली. परंतु शेवटच्या तारखेला होणारी गर्दी, मंदावलेले सर्व्हर आणि सेवा केंद्राबाहेरची रांग हे दृश्य प्रत्येक योजनेबरोबर नव्याने उभे राहते. तेव्हा कोणा एका संकेतस्थळाला दोष न देता आपण अशी कल्पना करू की, आमणापूरचा एक शेतकरी पलूसच्या सेवा केंद्रात बसला आहे, केंद्रचालकाने त्याचा गट क्रमांक, क्षेत्र, पीक, बँकेचे खाते असा सर्व तपशील भरून ‘सादर करा’ हे बटण दाबले आहे, काही क्षणांनी ‘आपला अर्ज स्वीकारला आहे’ असे पान पडद्यावर आले आहे, आणि ते नीट छापले न गेल्यामुळे केंद्रचालकाने ते पान ताजे करून घेण्यासाठी रिफ्रेशचे बटण दाबले आहे. त्याला वाटते की आपण तेच पान पुन्हा मागितले. प्रत्यक्षात त्याने तोच अर्ज पुन्हा दाखल केलेला असतो. दप्तरात आता दोन अर्ज आहेत, दोन क्रमांक आहेत, आणि त्यांपैकी खरा कोणता हे सांगणारा कोणी नाही.

असे का घडते हे समजून घ्यावयाचे तर ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधील संभाषण कसे चालते हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. या संभाषणाच्या नियमांना एचटीटीपी म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली त्याचे जे पहिले रूप सिद्ध केले, त्यात एकच क्रिया होती, तिचे नाव गेट. अमुक पत्त्यावरील मजकूर मला दाखवा, एवढीच विनंती ब्राउझरला करता येत असे. म्हणजे वेब ही मुळात वाचनासाठी जन्मलेली वस्तू होती, आणि ग्रंथालयात एकच पुस्तक दहा वेळा मागितले तरी ग्रंथालयाचे काही बिघडत नाही, त्याप्रमाणे एकच पान दहा वेळा मागण्यातही कोणाची हानी नव्हती. पुढे पानावर अर्जाचे रकाने आले, आणि १९९६च्या मे महिन्यात एचटीटीपीच्या १.० या आवृत्तीचा जो दस्तऐवज प्रसिद्ध झाला, त्यात गेटच्या जोडीला पोस्ट ही क्रिया रीतसर नोंदली गेली. पोस्ट म्हणजे मी पाठवितो तो मजकूर घ्या आणि त्यावर कार्यवाही करा. या दोन क्रियांतील भेद हा या प्रकरणाचा गाभा आहे. गेट ही निरुपद्रवी विनंती आहे, ती कितीही वेळा केली तरी दप्तरात फरक पडू नये अशी अपेक्षा आहे. पोस्टने मात्र दप्तर बदलते, आणि ती दोनदा केली तर ते दोनदा बदलते.

ब्राउझरच्या दृष्टीने पडद्यावरील प्रत्येक पान हे कोणत्या तरी विनंतीचे उत्तर असते. पान ताजे करा असे सांगितले की तो ते पान ज्या विनंतीतून आले ती विनंती जशीच्या तशी पुन्हा करतो. यापेक्षा अधिक शहाणपण त्याच्यापाशी नाही आणि असण्याची अपेक्षाही नाही. ‘अर्ज स्वीकारला’ हे पान जर सर्व्हरने थेट पोस्टच्या उत्तरादाखल पाठविले असेल, तर ते ताजे करण्याचा अर्थ पोस्ट पुन्हा करणे एवढाच होतो. ब्राउझर लिहिणाऱ्यांना हा धोका ठाऊक होता, म्हणून अशा वेळी ते एक इशारा पुढे करतात: हा अर्ज पुन्हा सादर केला जाईल, चालेल काय? परंतु हा प्रश्न ज्याला विचारावयाचा त्याला तो विचारला जात नाही. पोस्ट आणि गेट यांतील भेद ठाऊक नसलेल्या माणसाला, रांगेत मागे वीस जण उभे असताना, आपले काम अडले आहे एवढेच त्या चौकटीवरून समजते, आणि काम पुढे ढकलण्यासाठी तो ‘होय’ म्हणतो. त्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

याहून शोचनीय म्हणजे पुष्कळ संकेतस्थळांनी स्वीकारलेला तो सुप्रसिद्ध उपाय: ‘कृपया बॅक किंवा रिफ्रेश बटण दाबू नका.’ ज्या चुकीचा प्रतिबंध कार्यक्रम लिहिणाऱ्याने चार ओळींत करावयाचा, तिची सर्व जोखीम या एका वाक्याने नागरिकाच्या शिरावर टाकलेली असते. कचेरीच्या दारावर ‘कृपया एकच अर्ज द्यावा, दुसरा दिल्यास दोन्हींची नोंद होईल व त्यास अर्जदार जबाबदार राहील’ अशी पाटी लावून बारनिशी बंद करणाऱ्या अधिकाऱ्याला आपण कार्यक्षम म्हटले नसते.

खरा उपाय असा आहे. अर्ज पोस्टने येऊन पोहोचला, तपासला गेला आणि दप्तरात रुजू झाला की सर्व्हरने उत्तरादाखल पान पाठवूच नये. त्याने ब्राउझरला फक्त एवढे सांगावे की, तुझे काम झाले आहे, आता अमुक पत्त्यावर जाऊन पाहा. हा आदेश एका अंकाने दिला जातो. तो अंक ३०३, आणि त्याच्या सोबत लोकेशन नावाच्या ओळीत नवा पत्ता असतो. त्या पत्त्यावर त्या अर्जाची पावती असते. ब्राउझर हा आदेश मिळताच, वापरणाऱ्याला न विचारता, त्या नव्या पत्त्यावर गेटने जातो आणि पावती दाखवितो. सर्व प्रकार इतक्या वेगाने घडतो की पडद्यासमोर बसलेल्या माणसाला मधली पायरी दिसतही नाही. परंतु बारनिशीतील तो जुना पालट येथे पुन्हा घडून आलेला असतो. ब्राउझरच्या हाती आता अर्ज राहिलेला नाही, पोच आहे. आता केंद्रचालकाने पान शंभर वेळा ताजे केले तरी शंभर वेळा पावतीच दिसेल, पत्ता जपून ठेवून तो आठ दिवसांनी उघडला तरी पावतीच दिसेल, आणि दप्तरातील नोंद एकच राहील. पोस्ट, मग दिशांतर (रिडायरेक्ट), मग गेट असा हा क्रम असल्यामुळे कार्यक्रम लिहिणारे त्याला त्याच तीन इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून पीआरजी म्हणतात.

हा ३०३ अंक वेबच्या जन्मापासून नव्हता, आणि तो कसा आला याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९९६च्या नियमांत ३०२ हा एक अंक होता. त्याचा अर्थ, ही वस्तू तात्पुरती दुसरीकडे आहे. नियम असा होता की पोस्टच्या उत्तरादाखल ३०२ आला तर ब्राउझरने वापरणाऱ्याची संमती घेतल्याविना पुढे जाऊ नये. व्यवहारात मात्र कित्येक ब्राउझर सरळ नव्या पत्त्यावर जात, आणि जाताना पोस्टचे गेट करून टाकीत. हे नियमाला सोडून होते, आणि खुद्द त्या दस्तऐवजातच ही चुकीची वर्तणूक म्हणून नमूद आहे. परंतु संकेतस्थळे बांधणाऱ्यांना हेच तर हवे होते, आणि ते या चुकीवर विसंबून आपली कामे उरकू लागले. १९९७च्या जानेवारीत १.१ ही आवृत्ती आली तेव्हा नियमकारांनी या गरजेला ३०३ हा स्वतंत्र अंक देऊन मान्यता दिली. पोस्टचे काम आटोपल्यावर ब्राउझरला दुसऱ्या पानाकडे नेता यावे हाच त्याचा मुख्य हेतू असल्याचे त्यांनी स्पष्ट लिहिले. पुढे १९९९च्या सुधारित आवृत्तीत ३०७ हा अंक आला, तो उलट्या प्रयोजनासाठी: येथे पोस्ट असेल तर पुढेही पोस्टच करावयाचे, क्रिया बदलावयाची नाही. आज प्रचलित असलेल्या, जून २०२२च्या दस्तऐवजातही ऐतिहासिक कारणास्तव ३०२ वर पोस्टचे गेट करण्याची मुभा ब्राउझरला दिलेली आहे. म्हणून आजही अनेक कार्यक्रमांत या कामासाठी ३०२ वापरलेला आढळतो आणि त्याने कामही चालते. पण जेथे आपला हेतू स्पष्ट शब्दांत सांगण्याची सोय उपलब्ध आहे तेथे संदिग्ध हुकूम काढणे मला योग्य वाटत नाही. पोस्टनंतर पावतीकडे न्यावयाचे असेल तर ३०३च लिहावे. मायकेल जोरावलेव्ह या लेखकाने २००४ साली या पद्धतीवर एक विस्तृत लेख लिहिला आणि त्यानंतर ती कार्यक्रम लिहिणाऱ्यांच्या नित्य पाठात आली. साधन उपलब्ध झाल्यावर त्याच्या वापराला शिस्त येण्यास मध्ये सात वर्षे लागली.

पावतीचे पान कसे असावे याचाही विचार केला पाहिजे, कारण घाईने बांधलेल्या संकेतस्थळांत येथेच दुसरा घोटाळा होतो. पावतीला स्वतःचा कायमचा पत्ता हवा, आणि त्या पत्त्यात अर्ज ओळखण्याची खूण हवी. परंतु ती खूण नुसता चढता अनुक्रमांक असेल आणि पान दाखविण्यापूर्वी पाहणाऱ्याचा अधिकार तपासला जात नसेल, तर पत्त्यातील शेवटचा आकडा बदलून कोणीही शेजाऱ्याचे बँक खाते आणि गट क्रमांक वाचू शकेल. एका शेतकऱ्याची सोय करताना दुसऱ्याची खाजगी बाब चव्हाट्यावर येता कामा नये. याच्या उलट बाजूने, अर्जात काही उणीव असेल, म्हणजे क्षेत्र लिहावयाचे राहिले असेल किंवा खाते क्रमांकात एक अंक कमी असेल, तर काहीच रुजू झालेले नसते. अशा वेळी भरलेला मजकूर तसाच राखून, उणीव दाखवून अर्जाचे पान परत देण्यास हरकत नाही. दिशांतराचा आग्रह आहे तो नोंद झाल्यानंतर.

येथवर वाचून कोणाला असे वाटेल की दिशांतर केले म्हणजे प्रश्न मिटला. तसे नाही, आणि हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण अर्धा उपाय पूर्ण मानून निश्चिंत होणे हे या क्षेत्रात वारंवार घडते. दिशांतराने पावती मिळाल्यानंतरची पुनरावृत्ती टळते. पावती मिळण्यापूर्वीची टळत नाही. केंद्रचालकाने अधीर होऊन ‘सादर करा’ हे बटण लागोपाठ दोनदा दाबले, तर पहिल्याचे उत्तर येण्याच्या आतच दुसरा पोस्ट निघून जातो. सर्व्हर दोन्ही नोंदतो. त्याहून अवघड प्रसंग म्हणजे संपर्क तुटण्याचा. कृष्णाकाठच्या गावांना तो अपरिचित नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत जेथे रस्ता आणि वीज यांचा भरवसा नव्हता तेथे मोबाईलच्या मनोऱ्याचा भरवसा कोठून असणार, आणि एरवीही वळवाच्या एका पावसाने जोडणी खुंटते हा नेहमीचा अनुभव आहे. अर्ज सर्व्हरपर्यंत पोहोचला, रुजू झाला, सर्व्हरने ३०३चा आदेश धाडला, आणि नेमका तो आदेश परतीच्या वाटेवर हरवला, तर अर्जदाराला काय दिसेल? पडदा कोरा. अर्ज गेला की नाही हे जाणण्याचा कोणताही मार्ग त्याच्यापाशी नाही. तो पुन्हा अर्ज करील, आणि त्याने तो करावा हेच शहाणपणाचे आहे. कारण न पोहोचलेल्या अर्जाने त्याचे जे नुकसान होईल ते दोनदा पोहोचलेल्या अर्जापेक्षा त्याला अधिक जवळचे वाटणार.

या दोन्ही प्रसंगांवरचा उपाय अर्ज भरण्यापूर्वी योजावा लागतो. सर्व्हरने अर्जाचे कोरे पान पाठवितानाच त्याच्या पोटात, डोळ्यांना न दिसणारा, एकदाच उपयोगात येणारा आणि अन्य कोणत्याही पानावर नसलेला असा एक क्रमांक घालून द्यावा. अर्ज परत येईल तेव्हा तो क्रमांक त्याच्याबरोबर येईल. बटण दोनदा दाबले तरी दोन्ही पोस्टमध्ये क्रमांक एकच; बॅक करून तेच पान पुन्हा सादर केले तरी क्रमांक तोच; संपर्क तुटल्यावर ब्राउझरमध्ये उघडे असलेले पान फिरून पाठविले तरी क्रमांक तोच. सर्व्हरने पाहावयाचे एवढेच की या क्रमांकाची नोंद आधी झाली आहे काय. झाली नसेल तर अर्ज रुजू करून पावतीकडे पाठवावे. झाली असेल तर नवी नोंद करू नये, अर्जदाराला ‘चूक’ असे लाल अक्षरांत बजावूही नये. पहिल्या अर्जाच्या पावतीकडेच ३०३ने सौजन्यपूर्वक पाठवून द्यावे. ज्याची पोच वाटेत हरवली त्याला ती पुन्हा देणे हेच येथे कर्तव्य आहे. बटण एकदा दाबताच ते निष्क्रिय करण्याची युक्तीही योजतात, तीही योजावी; परंतु ती पडद्यावरची व्यवस्था आहे, दप्तराची नव्हे, आणि दप्तराचे रक्षण दप्तरातच झाले पाहिजे.

‘आधी झाली आहे काय’ हे पाहण्यातही एक सूक्ष्म धोका आहे. मोठ्या सर्व्हरवर एकाच क्षणी शेकडो विनंत्यांवर काम चालू असते. एकाच क्रमांकाचे दोन पोस्ट अगदी एकाच वेळी आले, दोघांनीही दप्तर पाहिले, दोघांनाही जागा रिकामी दिसली, आणि दोघांनीही नोंद केली, असे घडू शकते. घडते, आणि शेवटच्या तारखेच्या गर्दीत तर ते हमखास घडते. म्हणून अंतिम पहारा डेटाबेसवरच बसवावा लागतो. अमुक रकान्यातील मूल्य संपूर्ण कोष्टकात एकदाच येऊ शकेल, असा निर्बंध डेटाबेसला घालता येतो. मग दोन हात एकाच वेळी लिहावयास आले तरी एकाचेच लेखन मान्य होते आणि दुसऱ्याला नकार मिळतो. तो नकार मिळालेल्या विनंतीने गोंधळून न जाता पहिली नोंद शोधावी आणि तिची पावती दाखवावी.

निर्बंध कोणत्या रकान्यावर घालावा, हा प्रश्न मात्र संगणकशास्त्राचा राहत नाही. तो त्या त्या व्यवहाराच्या ज्ञानाचा होतो, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत जबाबदारीचा भाग हाच आहे. दोन नोंदी सारख्या दिसतात म्हणून त्या एकाच गोष्टीच्या आहेत असे मानता येत नाही. भिलवडीकडील एखाद्या उत्पादकाने सकाळी पाच लिटर दूध घातले आणि संध्याकाळीही पाच लिटर घातले, फॅटही तेच लागले, तर नाव, माप आणि प्रत सारखी असूनही नोंदी दोन आहेत आणि पैसे दोन्हींचे मिळाले पाहिजेत. एकाच ट्रॅक्टरने एकाच फडातून एका दिवसात कारखान्यावर दोन खेपा केल्या आणि योगायोगाने वजन सारखे भरले, तर त्यांतील एक खेप ‘दुबार’ म्हणून पुसणारा कार्यक्रम हा शेतकऱ्याच्या खिशात हात घालणारा कार्यक्रम होय. तेथे वजनपावतीचा स्वतंत्र क्रमांकच दोन खेपांना वेगळे करतो. विम्याच्या अर्जात कोणी घाईने ठरवील की एका गट क्रमांकाला एकच अर्ज, आणि मग त्याच गटातील सहहिस्सेदार भावाचा अर्ज नाकारला जाईल. कोणी ठरवील की एका शेतकऱ्याला एकच अर्ज, आणि मग ज्याची जमीन दोन गावांत आहे तो अडेल. कोणी ठरवील की एका क्षेत्राला एकच पीक, आणि उसात सोयाबीनचे आंतरपीक घेणारा वगळला जाईल. अशा सर्व निर्बंधांचा मसुदा सातबारा वाचता येणाऱ्या माणसाला दाखविल्याविना पक्का करू नये. पानाच्या पोटातील तो एकदाच चालणारा क्रमांक या वादापासून मुक्त असतो, कारण दोन अर्जांतील मजकूर सारखा आहे काय हे तो विचारीत नाही. सादर करण्याची कृती एकच आहे काय एवढेच तो ओळखतो. ओळख ही मजकुरावरून न ठरविता स्वतंत्र क्रमांकावर टाकण्याची ही रीत आता जनावरांपर्यंतही पोहोचली आहे: गाई-म्हशींच्या कानातील बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो, तो यासाठीच की एकाच गोठ्यातील, एकाच रंगाच्या, एकाच वयाच्या दोन मुऱ्हा म्हशी कागदावर एक होऊ नयेत.

गेटने दप्तर बदलू नये हा दंडक वर ओझरता आला. तो मोडल्यास काय होते याचे उदाहरण २००५ साली साऱ्या जगाने पाहिले. गुगलने त्या वर्षीच्या मे महिन्यात वेब ॲक्सिलरेटर नावाचे एक साधन प्रसिद्ध केले. वाचकाने अद्याप न उघडलेल्या दुव्यांवरील पाने ते त्याच्या सोयीसाठी आधीच मागवून ठेवीत असे. मागविणे म्हणजे गेट, आणि गेट निरुपद्रवी, या विश्वासावर ते चालले होते. परंतु काही संकेतस्थळांनी ‘नोंद काढून टाका’ ही क्रियाही साध्या दुव्यावर, म्हणजे गेटवर, ठेवलेली होती. त्या साधनाने ते दुवेही आधीच उघडून ठेवण्याचा परिपाठ चालविला आणि लोकांच्या नोंदी त्यांच्या नकळत नाहीशा झाल्या. पोस्टने नोंद करावी आणि गेटने दाखवावी, ही विभागणी पाळली गेली नाही तर दिशांतराचा उपायही निरुपयोगी ठरतो. कारण दिशांतर वाचकाला गेटच्या स्वाधीन करते ते गेट सुरक्षित आहे या भरवशावर.

पैशाच्या व्यवहारात हेच तत्त्व अधिक काटेकोरपणे पाळावे लागते. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो, तो याच कारणासाठी; दुकानदाराचे ध्वनियंत्र बोलले नाही म्हणून ग्राहकाने पुन्हा पैसे धाडले तर तो मात्र नवा व्यवहार होतो, आणि तेथे क्रमांकही नवा पडतो. पैसे खात्यातून गेले पण पोहोचले नाहीत अशा अपयशी व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढून परताव्याच्या मुदती ठरवून दिल्या आणि मुदत उलटल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई लावली. येथे एक मोलाचा भेद आहे. पैशाच्या दुहेरी वजावटीला वाचा आहे, कारण ज्याचे गेले तो त्याच दिवशी तक्रार करतो. अर्जाच्या दुहेरी नोंदीला वाचा नाही. ती दप्तरात निमूट पडून राहते. छाननीच्या वेळी यंत्र तिला ‘दुबार’ ठरविते, कधी एक अर्ज बाद होतो, कधी दोन्ही चौकशीसाठी बाजूला पडतात, आणि सेवा केंद्रात बटण दोनदा दाबले गेल्यामुळे निर्माण झालेला तो अर्ज खोट्या लाभार्थ्याच्या अर्जांच्या यादीत जाऊन बसतो. जाणूनबुजून दोनदा लाभ उपटणारे लोक आहेत, आणि त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. परंतु ज्या संकेतस्थळाने स्वतःच्या दोषाने दुहेरी नोंदी उत्पन्न केल्या आहेत त्याच्या दप्तरातून लबाड कोण आणि अधीर कोण हे निवडून काढणे कोणत्याही अधिकाऱ्याला शक्य नाही. प्रामाणिक माणसाला संशयितांच्या रांगेत उभे करणारी ही चूक, तिचा प्रतिबंध इतका स्वस्त आणि इतका जुना असताना, आजही घडावी हे मला क्षम्य वाटत नाही.

ज्यांच्या हाती अशी संकेतस्थळे बांधून घेण्याचे काम आहे, मग ती जिल्हा कचेरी असो, सहकारी कारखाना असो, दूध संघ असो की एखाद्या गावची पतसंस्था, त्यांना माझी विनंती आहे की काम ताब्यात घेण्यापूर्वी एक परीक्षा स्वतः समोर बसून घ्यावी. चाचणीचा अर्ज भरून बटण दोनदा झटपट दाबावे. दुसरा अर्ज भरून बटण दाबताच जोडणी काढून घ्यावी, ती परत लावून तेच पान पुन्हा सादर करावे. तिसरा अर्ज भरून आलेल्या पावतीचे पान वारंवार ताजे करावे, मागे जाऊन पुन्हा सादर करावे. मग दप्तर उघडून नोंदी मोजाव्यात. अर्ज तीन भरले असतील तर नोंदी तीनच निघाल्या पाहिजेत, आणि प्रत्येक वेळी अखेरीस पडद्यावर त्या त्या अर्जाची पावती आली पाहिजे. चौथी नोंद निघाली तर काम अपुरे समजावे आणि देयक मंजूर करू नये.